शून्य दशांश तीन

रंगवायला दहा मिनिटं,
धुवायला पाऊण तास.
सीताबर्डीत ज्यानं मला हा एअरब्रश विकला
त्यानं नेमकं एवढंच सांगितलं नाही.

मी गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक.
सतरा वर्षं जखमा धुतोय,
सुजलेले खांदे, सडलेली खुरं,
हात कधी हलला नाही.
ही सुई काढताना मात्र श्वास आपोआप थांबतो.
मागून ओढायची. टोकाला बोट नाही.
एकदा लादीवर पडली, टोक वाकलं,
डोळ्याला दिसेना, नखाला लागे,
आणि रंग सरळ जायचा सोडून
डावीकडे थुंकायला लागला.
कवडूजी सोनारानं ती दगडावर फिरवली,
पुन्हा फिरवली, गालाला टेकवून पाहिली,
म्हणाला, "घे बापा,
नथीच्या तारेपेक्षा नखरेल आहे हे."

त्याच्याच दुकानात ते डबडं आहे,
दागिने उजळायचं, पाण्यात गुणगुणणारं.
बुधवारी गिऱ्हाईक नसतं.
माझे सुटे भाग तो पैंजणांशेजारी सोडतो
आणि आम्ही दोघं वाकून बघत राहतो:
पितळेच्या पोटातून
गेल्या पोळ्याचा निळा
धुरासारखा निघतो.

बाकीचं माझ्या पेटीत.
दातांच्या फटीत घालायचे चिमुकले ब्रश
साकोलीहून आणलेले,
बिनसुईची सिरिंज, ग्लिसरीनची बाटली,
आणि नोझलचा पाना, अंगठ्याएवढा,
जो हरवला की घर उलटंपालटं.
जुन्या फ्रिजचा कंप्रेसर खाटेखाली,
त्याच्या नळीत मध्येच काचेचं भांडं,
हवेतलं पाणी धरणारं.
त्या दिवसांत आमची हवा बांधीतल्या धानासारखीच भिजलेली;
तीन नंदी रंगवले की
तळाशी दोन चमचे पाणी.
पुस्तकला ते तुळशीला घालते.
मी म्हटलं, त्यात तेल असेल.
"मंग तुमच्या चहात घालू का जी?"

हा सगळा खटाटोप नंदीसाठी.
लाकडी, चाकांवरचा, तान्ह्या पोळ्याचा.
वशिंडावरचा करडा
पांढऱ्यात कुठं विरतो
ते कुणाला बोट ठेवून दाखवता येऊ नये,
एवढीच हौस.

त्या वर्षी भाचीचा, यामिनीचा, नंदी
डाव्या अंगानं पूर्ण झाला होता.
रात्री नऊला दामाजीची म्हैस अडली.
मी कपात रंग तसाच ठेवून निघालो.
पहाटे वगार आली, ओली, जिवंत, पाय झाडत.
आणि घरी
रंग नोझलमध्ये दगड होऊन बसलेला.
हातपायही न धुता
न्हाणीच्या कडेला सगळं खोललं.
थिनरात भिजवलं, ब्रश फिरवला,
सुटलं एकदाचं.
पुसून ताटलीत ठेवलं,
शून्य दशांश तीन,
कणीएवढं,
उन्हात चकाकलं
आणि कोंबडीनं टिपलं.

तीन दिवस मी तिच्या मागं फिरलो.
दवाखान्यातली नोकरी माणसाला काय काय तपासायला शिकवते
ते कवितेत सांगू नये.
सापडलं नाही.
दुसरं मागवलं, ते पोळ्यानंतर बावीस दिवसांनी
पोस्टमनच्या पिशवीतून आलं,
पाकीट भलंमोठं, आत एवढासा कण.

यामिनीनं नंदी तसाच नेला.
गल्लीभर डावं अंग लोकांकडे,
परतताना स्वतः उलटी चालली
पण नंदी वळवला नाही.
मिळालं काय, तर एक पेन.
तेही निळं नव्हतं म्हणून रुसली.

आता धुताना मोरीच्या तोंडावर
चहाची गाळणी ठेवतो,
आणि म्हैस अडो की आभाळ पडो,
कप रिकामा करून,
स्वच्छ पाणी एकदा फवारून मगच चप्पल घालतो.
दामाजी दारात उभा असतो, काही बोलत नाही,
फुसफुस ऐकत राहतो.

ती कोंबडी अजून आहे.
पाहुणे आले की पुस्तकला खुराड्यात हात घालते,
तिला चाचपते, सोडते, दुसरी धरते.
म्हणते,
"हिच्या पोटात पाचशे साठ रुपये हायेत."