डागांचा हिशेब

पहिल्या महिन्याची कमाई एकोणचाळीस सेंट.
ऋजुतानं रुपयांत करून दाखवली, बत्तीस-तेहतीस.
म्हणजे एका सफारीची इस्त्री, तीही हँगरशिवाय.

गोखले रोडवर एकतीस वर्षं लाँड्री चालवली.
गाळा टॉवरमध्ये गेला, हातात राहिली नुसती माहिती,
कुठला डाग कशानं जातो.
भाची म्हणाली, मामा, तेच लिहा. लोक शोधतात.

शोधतात खरे.
सकाळी हळद, दुपारी शाई,
मार्चमध्ये पक्का रंग, मेमध्ये आंब्याचा चीक,
रात्री दीडनंतर मात्र रक्त.
'चादरीवरचं रक्त.' 'रक्त गरम पाण्यानं जातं का.'
(नाही. गार पाणी, मीठ, आणि थांबायचं.)
कोणाचं, हे मी विचारत नाही.
दुकानातही नाही विचारलं.
खिशात सापडलेलं परत द्यायचो,
नाटकाची तिकिटं, चिठ्ठ्या, एकदा एक कानातलं
जे त्या घरातल्या कोणाचंच नव्हतं.

जाहिरात कुठली लागेल ते माझ्या हातात नाही.
रक्ताखाली एकदा साबण आला,
एकदा विमा,
एकदा कोरी चादर, दोनवर एक फुकट.
विम्याला जास्त मिळतात, साबणाला चिल्लर.
भाव कोण ठरवतं? ऋजुता म्हणाली, लिलाव.
पान उघडेपर्यंत, पापणी लवायच्या आत
बोली लागून मोकळी होते,
आलेला माणूस आज केवढ्याला.

मेहुण्यानं प्रेमापोटी घरबसल्या साठ क्लिक केले.
महिनाअखेर सगळे वजा. वर ताकीद.

आम्हीही खूण करायचो.
कॉलरच्या आत, बिब्ब्याचं तेल आणि चुना,
क-४-१७, म्हणजे कामेरकर, चौथा मजला.
शर्ट फाटेपर्यंत जायची नाही,
आणि घालणाऱ्याला पत्ता नसायचा
आपल्या मानेमागे काय लिहिलंय.
तशीच खूण आता इथे येणाऱ्याला लागते.
मी नाही लावत. पण लागते माझ्याच उंबऱ्यावर.
खाली एक पट्टी येते, मंजूर आहे का?
कोण वाचतो. डाग ओला असतो,
मंजूर म्हणतात.

मंगळवारी माझ्याच पानावरच्या शोधाच्या चौकटीत
कोणीतरी लिहिलं,
'बाबांच्या शर्टाचा वास जाऊ नये म्हणून काय करावं'.
निकाल शून्य.
मुंबई, मोबाइल, अकरा मिनिटं. एवढंच दिसतं.
मग तिनं, की त्यानं, 'घामाचा वास' उघडलं,
'कपाटातला जुना वास' उघडलं,
आणि दोन्हीकडे मी ठासून सांगितलेलं
कसा घालवायचा.
सोडा, लिंबू, दोन उन्हं.
जाहिरात चारदा दिसली. मिळकत काही नाही.

रात्रभर सुचेना. हाताला एकच बाजू ठाऊक.
पहाटे आठवले न नेलेले गठ्ठे.
दुकान रिकामं करताना सोडले तेव्हा
बिनधुतलेल्यांतून माणसंच बाहेर आली होती,
विडी, पावडर, एकात चक्क छापखाना.
मग लिहिलं, सहा ओळी:
धुऊ नका. झटकू नका. इस्त्री तर नकोच.
पूर्ण कोरडी काचेची बरणी, घट्ट झाकण.
लोणच्याची चालणार नाही.
उन्हापासून लांब.
उघडायचं कमी.
कमीच.

ऋजुता म्हणाली, वर्षात एखादा येईल यावर,
जाहिरात लावू?
म्हटलं, राहू दे.

तरी रोज सकाळी आकडा बघतो त्या पानाचा.
चार दिवस एक. तो मीच, बघायला गेलेला.
काल दोन झाले, उठून चहा टाकला.
संध्याकाळी ऋजुता म्हणते, मामा, दुसरी मी होते.

शंभर डॉलर भरल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत.
एकसष्ट झालेत.
दीड वाजून गेला,
कोणीतरी विचारतंय गरम पाण्याचं.