घुमटाचं तिकीट

तन्मय मोबाइलवर तीन खिडक्या उघडून बसलाय.
मोप ते पुणे : तासाभराचं आकाश.
मडगाव ते पुणे : एक दुपार, एक रात्र.
डिचोलीच्या स्टँडवरून स्लीपर बस :
जेवून चढा, चहाला उतरा.
"बाबा, भाव सारखे बदलतायत, लवकर सांगा."

काय सांगू.
माझ्या मांडीवर घुमट आहे.

वासू कुंभारानं घडवलेलं.
एका तोंडावर शेळीचं कातडं ताणलेलं,
दुसरं उघडं, तळव्यानं झाकायचं, सोडायचं.
पूर्वी घोरपडीचं असायचं. आता कायदा आहे,
आणि बरंच झालं, घोरपडीच्या दृष्टीनं.

उल्हासचा फोन आला तो अकरा वर्षांनी,
कुळागराच्या वाटणीनंतर पहिलाच.
हॅलो नाही, कसा आहेस नाही.
"दादा, एक घुमट हवं होतं.
धाकटीला शिकवीन म्हणतो."
मी म्हटलं, आणतो.
पाठवतो म्हणता आलं असतं.
तोंडून आणतो गेलं.

सुफला म्हणते, विमानानंच जा,
मन बदलायच्या आत पोचाल.

पण तपासणीच्या पट्ट्यावरून हे सरकेल
तेव्हा पडद्यावर काय दिसेल?
एक गोल पोकळी.
"यात काय आहे?"
"काही नाही, साहेब."
"मग नेताय कशाला?"
आणि विमानाच्या पोटात टाकलं, तर
'नाजूक' लिहिलेला कागद
कोण वाचतो अंधारात,
दुसऱ्याच्या बॅगेखाली?

बसवाला रोझारियो ओळखीचा.
"डिकीत घालूया पात्रांव, गोणपाटात गुंडाळून.
कांय जायना."
चोर्ल्याच्या घाटाची वळणं मला ठाऊक आहेत.
दर वळणाला डोळे उघडीन,
खाली काय गडगडलं ते ऐकत.
शिवाय बस सोडते पहाटे, थेट त्याच्या गल्लीच्या तोंडाशी.
अकरा वर्षं न बोललेल्या भावाची बेल
पहाटे साडेपाचला वाजवायची,
तर माणूस कुणी गेल्याची बातमी घेऊन आलेला असावा,
नाहीतर निदान तोंड धुतलेला.

वासूला विचारलं.
त्यानं गाड्यांचं काहीच सांगितलं नाही.
"एसींत व्हरूं नाका. थंडायेन चामडें सदळ जाता,
मागीर तें उलयना."
उलयना.
सैल पडतं आणि मग बोलत नाही.
हे त्यानं घुमटाबद्दल सांगितलं,
मी उगाच मान खाली घातली.

तर मग आगगाडी.
साधा डबा, उन्हाच्या बाजूची खिडकी,
कातडं तापत राहील लोंढ्यापर्यंत तरी.
कुळ्याला मागून इंजिनं जोडतात,
तेवढी चढण एकट्यानं चढवत नाही.
'तेव्हा मी जे बोललो' हे लोंढ्याला खोडीन.
'तूही काही कमी' हे बेळगावला.
मिरजेपर्यंत बहुधा नावच उरेल,
हाक मारण्यापुरतं.
गाडीही अवेळीच पोचते म्हणा,
पण स्टेशनावर बाकं असतात.
बसून उजाडू देता येतं.

तन्मय हसतो :
"तिन्हीतलं सगळ्यात लांबचं ठिकाण निवडलंत.
मडगाव म्हणजे आधी उलट्या दिशेला."
असू दे. आमचा घाट तसाच चढतात.

"आणि परतीचं?"

परतताना घुमट नसेल.
कशानंही येईन, विमान, बस, दुधाची गाडी.
नाहीतर राहीन दोन दिवस,
धाकटीच्या हाताला झाकणं-सोडणं
जमतंय का बघायला.
शिकवायचं तोच.
चवथीच्या आरतीला घुमट त्याचं असायचं.
मी शेजारी कांसाळं धरून,
तेही एक ठोका मागं.