तिसऱ्या मिनिटाला

वाशीत, सेक्टर सतराला, दुसऱ्या मजल्यावर
गालिच्याची खोली. निहारने दार लावलं
आणि रस्ता थांबला, नळ बंद करावा तसा.
अँप्लिफायर दोन लाख ऐंशी हजार.
स्पीकरचं नंतर बोलू, म्हणाला.

मी घरची कॅसेट नेली होती, पेनड्राइव्हवर उतरवून:
एक्याण्णव साल, नौपाडा, धामधऱ्यांची हार्मोनियम.
तिसऱ्या मिनिटाला, भात्याच्या श्वासामागे, डावीकडे,
कुणी बाई हळूच म्हणाली,
"एवढ्यात उठू नका."

मी तिथेच बसलो होतो, रेकॉर्डरवर बोट ठेवून.
इतकी वर्षं त्याला खरखर समजत आलो.

शालिनी भेंडी पुसत होती. "मी नव्हे.
मी तेव्हा माहेरी, बाळंतपणाला."
मग, भेंडीकडेच बघत:
"तेवढ्यात बाथरूमची गळती निघेल,
वर नव्या टाइल्स."

कानाच्या डॉक्टरांनी काढलेली रेघ
उजवीकडे घाटासारखी उतरते.
वरचे बारीक आवाज आता मला
कुठल्याच किमतीला मिळायचे नाहीत.
पण ते वाक्य वरचं नव्हतं. मधलं होतं.

निहारचा मेसेज: जुना सेट परत घेऊ, शनिवारपर्यंत.

रात्री सानपाड्यात, आवाज बारीक करून,
जुन्यावरच लावतो.
तिसरं मिनिट. खरखर.
आता तिच्यातही ते शब्द बरोबर बसतात,
की मीच बसवतोय?
मागे घेतो. खुर्ची डावीकडे सरकवतो.
कुणाला म्हणाली,
आणि तो उठला का,
हे कितीच्या सेटवर कळतं?