अकरा फेऱ्या

हर्णै बंदरावर, अजीम पेवेकरच्या गॅरेजात
रविवारी संध्याकाळी शर्यत लागते.
टीव्हीच्या काचेवर ग्रीसचं एक बोट उमटलंय,
नेमकं पाचव्या वळणावर.

पूर्वी कॅमेरा एका जागी उभा असायचा.
गाडी यायची, चित्र थरथरायचं,
गाडी गेलेली असायची.
आता डोळाच बसवलाय चालकाच्या डोक्यावर.
टायरचा ताप, ब्रेकचा दाब, सेकंदाचा हजारावा तुकडा,
सगळं कोपऱ्यात लिहून येतं,
आणि मागे कुणी कुणाला गाठतं
तेव्हा पडद्यावर कुणाची तरी बायको, नखं खाणारी.

"सगळं दाखवतात रे," अजीमभाई म्हणतो,
"वेग तेवढा दाखवत नाहीत."

मग लाइट गेली.

काळोखात दोन बोटी बंदरात शिरत होत्या,
लिलावाला आधी टेकायला.
दिसत काहीच नव्हतं.
अजीमभाई हातातला पाना न ठेवता दारात गेला,
मान कलती करून:
"डावीकडची चोगल्यांची. तिसरा सिलिंडर मिस मारतोय.
मीच सांगितलेलं, नोझल बदल.
तरी दाबतोय बघ... दाबतोय गाढव..."
त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

लाइट आली. अकरा फेऱ्या होऊन गेल्या होत्या.
पहिला पहिलाच होता, दुसरा दुसरा,
समालोचक तेवढ्याच जोरात ओरडत होता.
अजीमभाई टीव्हीकडे पाठ करून उभा.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.
"गप," तो म्हणाला,
"अजून धक्क्याला लागायच्यात."