पंधरा पिना

वाटणीत टीव्ही दादाकडे गेला,
कन्सोल माझ्याकडे राहिला.
भांडण झालं ते डिपॉझिटवरून,
आईच्या ऑपरेशनच्या बिलात कुणी किती घातले
त्यावरून.
या दोन वस्तूंवरून कुणी चकार शब्द काढला नाही.
तो पडदा घेऊन दहिसरला गेला
आणि मी नेहरूनगरात
चित्र घेऊन बसलो.

आठ महिन्यांनी आईची लॅब बंद झाली.
शेवटच्या पगाराऐवजी मालकाने तिला
बिलिंगचा मॉनिटर दिला,
सतरा इंची, जवळजवळ चौकोनी.
रिक्षात मांडीवर घेऊन आली,
तान्ह्या पोराला आणावं तसा,
चादरीत गुंडाळून.
"घे," म्हणाली, "तुझं ते डबडं याला लाव."

आता लावायचं कसं?
कन्सोलचं भोक चपटं, बारीक.
मॉनिटरची वायर निळ्या तोंडाची,
पंधरा पिना, दोन्ही बाजूंना स्क्रू.
लॅमिंग्टन रोडला ताहेरभाईंनी
काचेखालून बोटभर डोंगल काढलं,
चारशे सांगितले, साडेतीनशे घेतले,
"बिल पाहिजे तर अठरा टक्के वर."

जोडलं.
कन्सोलचा दिवा निळा झाला, मग पांढरा.
मॉनिटर म्हणाला: सिग्नल नाही.
एक पिन वाकली होती,
ती आईच्या आकड्याने सरळ केली.
सिग्नल नाही.

ताहेरभाई फोनवर हसले.
"आत कुलूप असतं, कुणी कॉपी मारू नये म्हणून.
सेटिंगमध्ये जाऊन काढा."
पण सेटिंग दिसणार कशावर?
"एकदा टीव्हीला लावा ना.
कुणाकडे तरी असेल टीव्ही?"

होता की. शेजारी सावर्डेकरांकडे आहे.
समोर डिमेलोंकडे तर बेचाळीस इंची.
मला माहीत होतं. आईलाही.
तिने कन्सोल टॉवेलात गुंडाळला,
पिशवीत ठेवला, वर बांगड्याच्या तिखल्याचा डबा,
आणि म्हणाली,
"त्याला सांग, डबा परत करायची घाई नाही."

दोन बस बदलून दहिसर.
दादाने दार उघडलं,
माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघितलं.
"कुलूप?"
"हं."
वहिनीने मालिका बंद केली.
तो टीव्हीमागे वाकला. न बघता
बोटांना भोक सापडलं.

पडद्यावर प्रश्न आला: कोण खेळणार?
खाली आमची जुनी नावं,
बोंबील आणि चिंबोरी.
दोघांनीही ती वाचली असणार.
मग त्याने सेटिंग उघडलं, एक खूण काढली.
अर्ध्या मिनिटाचं काम.
"झालं."
चहा झाला. खेळलो नाही.

निघताना त्याने कपाटातून दुसरा कंट्रोलर काढला.
"माझ्या सामानात चुकून आलेला."
बसमध्ये मी त्याचं बटण दाबलं.
बॅटरी पूर्ण भरलेली.
आठ महिने ज्याला खेळायला काही नाही
तो कंट्रोलर कुणीतरी
चार्ज करत होतं.

आता चित्र येतं. आवाज नाही,
या मॉनिटरला गळाच नाही.
बर्फाच्या मैदानात नीट बघितलं
तर मागे पुसट रकाने दिसतात:
नाव. वय. रक्कम.
इतकी वर्षं तेच उमटलेलं, ते जात नाही.
आणि चौकोनी पडद्यात कडा कापल्या जातात.
डावीकडच्या बोंबीलातली बोंब जाते,
नुसतं बील उरतं.
उजवीकडे चिंबो.
त्यापुढची ताकदीची पट्टी, गुण,
सगळं पडद्याबाहेर.

भाजी निवडता निवडता आईने विचारलं,
"कोण जिंकतंय?"
"ते कोपऱ्यात असतं. यात मावत नाही."
"बरं," म्हणाली,
आणि दुसरा कंट्रोलर उचलून
पाण्याच्या बाटलीपासून लांब ठेवला.

ताहेरभाई म्हणतात, चित्र बारीक करता येतं,
सेटिंगमध्येच आहे, कडा आत येतात.
मी अजून केलेलं नाही.