कोणता कागद, ते सांगू नका

बेटावरच्या पोस्टात मी एकतीस वर्षं शिक्के मारले.
आता पक्ष्यांची पावलं मोजते.
टेबल तेच, दिवा तोच.
पोस्ट बंद पडलं तेव्हा हेल्वेने दोन्ही उचलून
दीपगृहाखालच्या तिच्या ठाण्यात आणले,
आणि मागोमाग मलाही.

सप्टेंबर लागला की रॉबिनला निघायचंच असतं.
रात्री त्याला कागदाच्या नरसाळ्यात ठेवतात,
तळाशी शाईची गादी,
वर जाळी, जाळीवर बाल्टिकचं ढगाळ आभाळ.
अठरा ग्रॅमचा जीव. उडी मारतो, घसरतो,
पुन्हा मारतो,
आणि जिकडे जायचंय तिकडची भिंत
बारीक काळ्या नखांनी भरून जाते.
पहाटे पाय पुसून सोडून देतात.
कागद माझ्याकडे येतो.

हेल्वेकडे बावीस शरदांच्या वह्या आहेत:
वारा, ढग, किती गेले, कुठे गेले.
पानोपानी नैर्ऋत्य, नैर्ऋत्य.
"जातात ते मला ठाऊक आहे," ती म्हणते,
"त्यांना कसं ठाऊक, ते वही सांगत नाही.
बघून झालं. आता विचारायला हवं."

विचारायचं म्हणजे,
तार्मोने पिंजऱ्याभोवती तांब्याची तार गुंडाळली,
वेढ्यावर वेढे, हाताला फोड येईतो.
कळ दाबली की आतली उत्तर
चोरपावलांनी पूर्वेला सरकते.
होकायंत्र फसतं.
पक्षी फसला, तर वायव्येला उड्या मारेल.

कोणत्या रात्री कळ दाबली, ते मला सांगत नाहीत.
पहिल्या वर्षी राग आला होता.
माझ्यावर एवढाही भरवसा नाही?
हेल्वेने चहा ओतला. "मारेत, माझाही माझ्यावर नाही.
म्हणून तर मोजायला तू."

तेव्हा मुकाट बसले, कारण आठवलं:
मुलगा लष्करात होता त्या हिवाळ्यात
थैलीतल्या दर तिसऱ्या पाकिटावर
मला त्याचंच अक्षर दिसायचं.

कागद एकेचाळीस. चहूकडे पावलं,
दिशा अशी नाहीच. नुसतं घाबरणं.
तार्मो म्हणाला, "हा आजारी असणार. वगळू या."
हेल्वेने चष्मा काढला.
"आजारी होता, तर सोडताना का नाही लिहिलंस?"
त्याचे कान लाल झाले.
मी लिहिलं: एकेचाळीस. दिशा नाही.

कळीचा हिशेब एका पाकिटात आहे,
चिकटवलेलं, माझ्याच खणात,
शेवटचा पक्षी गेल्यावर उघडायचं.
अजून नऊ कागद उरलेत.
चहाच्या किटलीला वाफ आहे, आणि पाकिटाचा डिंक
कसा सुटतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

एकतीस वर्षांत दुसऱ्याचं पाकीट
एकदाही उघडलं नाही.
दिवा जवळ ओढते.
बेचाळीस.