सात बेचाळीस ते सात सत्तेचाळीस

हल शहरात, एका पबच्या माळ्यावर आमचा वर्ग भरायचा.
खाली बिअरची पिंपं गडगडत,
वर मिस्टर हेपवर्थ, निवृत्त पोलीस, कानात यंत्र.
फळ्यावर एकच वाक्य लिहून
चार दिवस त्याच्याभोवती फिरत राहिले:
रस्त्यावरच्या कुणाही माणसाला जेवढा अधिकार,
तेवढाच तुम्हाला. तसूभर जास्त नाही.

मी वहीत मराठीत उतरवलं:
गणवेशाला सहा खिसे,
अधिकाराचा एकही नाही.

पिशवी बघायची ती विचारून, समोरचा हो म्हणाला तर.
बाईची झडती बाईनंच घ्यायची
(म्हणून तर ही नोकरी मला).
बळ लागलंच तर लागेल तेवढंच.
आणि लागेल तेवढं म्हणजे किती, हे
नंतर गरम खोलीत बसलेली माणसं ठरवतात,
सावकाश, चहा घेत.

गुरुवारी खाडीकडून धुकं आलं होतं.
पोरगं सतरा-अठराचं,
जॅकेटच्या अस्तरात रेझर ब्लेडची पाकिटं.
क्रेगनं त्याला दारात अडवलं. बरोबर केलं.
खाली पाडलं. तेही, मी म्हणेन, बरोबर;
लाथा झाडत होतं पोरगं, ट्रॉल्या आडव्या झाल्या होत्या.
मग ते निपचित झालं.
गाल फरशीला, तोंडातून फक्त वाफ.
क्रेगचा गुडघा पाठीवर तसाच.

मी घड्याळाकडे बघितलं. का, ते माहीत नाही.
"क्रेग, सोड," म्हणाले मी, इतकी हळू
की झोपलेल्याला जाग येऊ नये.
दुसऱ्यांदा म्हणायला मला किती वेळ लागला
तेही घड्याळातच आहे.

पोलीस आले, पोराला घेऊन गेले. चालत गेलं ते,
बरगडी धरून.

लॉरेननं चहा आणून ठेवला नोंदवहीशेजारी.
दोन साखर, तिला लक्षात असतं.
"शेवटपर्यंत झटापट करत होता, एवढंच लिही.
कॅमेऱ्याची बॅटरी तर सहालाच संपलेली."
क्रेग दारात उभा, हात धुऊन आलेला, लालबुंद.
हाच क्रेग बस चुकली की मला घरी सोडतो,
मुलीच्या वाढदिवसाचा केक
फॉइलमध्ये गुंडाळून आणतो.

वडील माझे इचलकरंजीला जकात नाक्यावर कारकून.
ट्रक जड असायचा, पावतीवरचा आकडा हलका.
त्या फरकातून आमच्याकडे फ्रिज आला.
उन्हाळ्यात त्यातलं पाणी पिताना
दात दुखायचे माझे, एवढं गार.

या वहीची पानं छापील आकड्यांची. फाडता येत नाहीत.
चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी,
आणि बाजूला सही.

सात बेचाळीस: दारात अडवलं.
सात त्रेचाळीस: जमिनीवर. प्रतिकार सुरू.
सात चव्वेचाळीस: प्रतिकार थांबला. मी म्हणाले, सोड.
सात सत्तेचाळीस: पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. गुडघा काढला.

मधल्या तीन मिनिटांपुढं
पेन बराच वेळ टेकून राहिलं, शाईचा ठिपका पडला.
मग लिहिलं: मी उभी होते.
यावर रेघ मारली नाही.

लॉरेननं वाचलं, काही बोलली नाही.
चहाचा कप तेवढा उचलून नेला, अर्धा भरलेला.

निघताना ट्रॉल्यांखाली एक बूट सापडला.
सापडलेल्या वस्तूंच्या रजिस्टरात लिहिलं:
बूट, एक, डावा, काळा. नाडी सुटलेली.
मालकाचं नाव या रकान्यात काही घातलं नाही.

बाहेर धुक्यात क्रेगची गाडी,
दिवे चालू, शेजारच्या सीटवरची पिशवी
मागं टाकलेली, रोजच्यासारखी.
किंवा तो निघतच असावा.
दंडावरचा बिल्ला काढायचा राहून गेला होता,
मी तसाच ठेवला
आणि गाडीकडे चालत गेले.